पाठीवरची माती

परत येऊन बरेच दिवस झाले, तरी माझ्या गुडघ्यांना ते अजून पटलेलं नाही. सकाळी उठावं तर ते आपले जामखेडच्या रस्त्यावरच. बायको म्हणते, पंचावन्न उलटल्यावर ऐन चैत्रात, तेही असल्या दुष्काळी साली, कुस्त्या बघायला जाणाऱ्याचे गुडघे दुखणार नाहीत तर काय. तिचं बरोबर आहे. या प्रवासात मी सोडून सगळ्यांचंच बरोबर होतं.

भानगडीच्या मुळाशी माझा एक संपादक मित्र. पुण्यात एक लहानसं मासिक चालवतो. मी शाळेतला ड्रिलमास्तर, तरुणपणी तालमीत माती खाल्लेली, आता आखाड्यात पंच म्हणून उभा राहतो. एवढ्या भांडवलावर त्याने मला गळ घातली की कोणत्या देशात कोणता खेळ का रुजतो यावर एक लेख द्या. इंग्रजांचं क्रिकेट आपल्याला गोचिडासारखं चिकटलं आणि त्यांचाच फुटबॉल आपल्या खेड्यापाड्यांत का गेला नाही, याचं कोडं त्याला पडलं होतं. मी म्हटलं, "अरे, ज्याला जे परवडतं ते तो खेळतो. झाला लेख." तो म्हणाला, "ही एक ओळ झाली. मला आठ पानं हवीत."

त्याच सुमारास माझा जुना विद्यार्थी सदाशिव घरी आला. तो खर्ड्याच्या शाळेत मास्तर आहे. म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडच्या यात्रेत यंदा पंच बाहेरचाच लागणार. तुम्ही या." का लागणार ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. या वयात माणसाची नाही म्हणण्याची ताकद आधी जाते, गुडघे नंतर.

नगर

पहिला मुक्काम नगरला, धाकट्या बहिणीकडे. तिचं घर लष्कराच्या वस्तीला लागून. स्वागत प्रेमाने झालं, पण अंघोळीला अर्धी बादली पुढे करत ती म्हणाली, "दादा, एवढ्यात भागव. आणि साबण फार लावू नकोस, तो निघायला पाणी जातं." पुण्यात नळ उशिरा आला की आम्ही वर्तमानपत्राला पत्र लिहितो. मी गुपचूप साबण ठेवून दिला.

संध्याकाळी मेहुणे मला लष्कराच्या मैदानाकडे घेऊन गेले. तारेच्या आत जवान हॉकी खेळत होते. बाहेर, खडबडीत जागेवर, गावातली तरणी मंडळी बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन तोच खेळ खेळत होती आणि आतल्यांपेक्षा जास्त ओरडत होती. मेहुणे म्हणाले, "फौज जिथं राहते तिथं आधी जमीन सपाट होते, मग हॉकी येते. लिहा तुमच्या लेखात." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "पण खरं म्हणजे क्रिकेटचंच लिहा. दोन वर्षांपूर्वी इंग्रजांना त्यांच्याच घरी हरवलं, तेव्हापासून आमच्या कचेरीत एक कागद वेळेवर हललेला नाही." मला दोन्ही म्हणणी पटली. दिवसभराच्या प्रवासाने थकलेल्या माणसाला काहीही पटतं.

खडीच्या ढिगावर

जामखेडला सदाशिव न्यायला आला होता. तिथून खर्ड्याच्या एसटीत बसलो आणि थोड्याच वेळात गाडी पंक्चर झाली. मी सावलीच्या आशेने एका बाभळीकडे गेलो. बाभळीला सावली नव्हती, काटे होते. एक काटा कॅनव्हासच्या बुटातून थेट तळपायात घुसला. एका पायावर उभा राहून तो उपटताना संपादकाच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. जिथं एसटीचं टायर टिकत नाही, तिथं फुटबॉलचा ब्लॅडर काय टिकणार? हुतुतूला काय लागतं, जमिनीवर एक रेघ आणि छातीत दम.

रस्त्याच्या कडेने दुष्काळी काम चालू होतं. लांबच लांब माणसं खडी फोडत बसली होती. बाया, बाप्ये, म्हातारेकोतारे, सगळे धुळीने एका रंगाचे झालेले. हातोड्यांचा आवाज होता, बोलण्याचा नव्हता. सदाशिव म्हणाला, "उतरलोच आहोत, तर तुमचे पैलवान दाखवतो."

मी पैलवान म्हणजे तालमीतले पैलवान समजून चाललो होतो. एका ढिगापाशी दोघं बसले होते. हाडं रुंद, पण हाडांवरचं काहीतरी कुणीतरी काढून नेल्यासारखी अंगं. गळ्याखाली खळगे पडलेले.

"हा शिरपत, माळेवाडीचा," सदाशिव म्हणाला. "हा भानुदास, बोरखडीचा. यात्रेतली शेवटची कुस्ती यांची."

"आणि दोघं एकाच टोळीत?"

"एकाच ढिगावर, मास्तर," शिरपत म्हणाला. "ह्यो मोठी फोडतो, मी बारीक करतो."

"आणि परवा एकमेकांना आपटणार?"

"ते बी कामच हाय," भानुदास म्हणाला आणि हातोडा घातला.

मी खुराकाचं विचारलं. कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पिठागुळाचा भुगा, मिळते, असं कळलं. दुधाचं विचारलं तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून हसले. शिरपत म्हणाला, "दूध आता समोर आलं तरी वळखू यायचं न्हाई." पाण्याची घागर फिरत आली. भानुदास आधी प्यायला, मग त्याने तोच तांब्या शिरपतच्या हातात दिला. अर्धा भरलेला तांब्या त्याने असा सांभाळून दिला की मी बघतच राहिलो. आमच्या शाळेत पोरं नळाखाली डोकी धरतात.

खर्डा

सदाशिवच्या बायकोने मिलोची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. मिलो म्हणजे सरकारने आणलेली परदेशी ज्वारी, लाल, आणि भाकरी हातात घेतली की तिचे तुकडे पडतात. "गोड मानून घ्या, गुरुजी," ती संकोचून म्हणाली. मी म्हटलं, "बाई, पुण्यात हीच भाकरी आम्ही तक्रार करत खातो. तुमच्याकडे तक्रार वाढलेली नाही, म्हणून चांगली लागतेय." ती हसली. मग समोरच्या किल्ल्याची भिंत उतरत्या उन्हाने पिवळी होईपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो, आणि तिथं सदाशिवने एकदाचं सांगितलं की पंच बाहेरचा का लागणार.

खर्ड्याजवळची माळेवाडी आणि बोरखडी ही दोन्ही गावं एकमेकांना लागून. शिवेवर दोघांचा मिळून एक भैरोबा. देवळामागे पायऱ्यांची एक जुनी बारव. चैत्रात यात्रा भरते, आणि यात्रेतली शेवटची, नारळाची कुस्ती या दोन गावांच्या पैलवानांत होते. ज्या गावाचा पैलवान जिंकेल त्याला बारवेचा मान. म्हणजे पुढच्या यात्रेपर्यंत रोज पहाटे पहिली घागर त्या गावाची, त्यांचं भरून झालं की मग दुसऱ्याची.

"आणखी एक रीत आहे," सदाशिव म्हणाला. "कुस्ती झाली की जिंकलेल्याची बायको नाहीतर आई बारवेतून कळशी भरून आणते. जिंकलेला त्या पाण्याने हरलेल्याची पाठ धुतो. पाठीची माती गेली की हार लागली. तोवर नाही."

मला ही रीत फार आवडली. आमच्या स्पर्धांत हरलेल्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

"चांगल्या साली हा मान नुसता मिरवायचा असतो," तो पुढे म्हणाला. "घरोघरी आड आहेत, बारवेवर जातंय कोण? मागच्या यात्रेत बोरखडी जिंकली, तेव्हाही आम्ही सगळे हसत जेवायला गेलो. मग पाऊसच आला नाही. आड आटले. आता दोन्ही गावांना ती एक बारव. रात्रभर जे झिरपतं ते पहाटे बोरखडीच्या बाया भरून नेतात. माळेवाडीच्या वाट्याला गाळ. पदराने गाळून पितात."

"मग वाटून घ्या की. एक घागर यांची, एक त्यांची."

"किती वेळा बैठक बसली, गुरुजी. बोरखडी म्हणते, मान एकदा सोडला की कायमचा गेला. माळेवाडी म्हणते, मिळवू तर मातीत मिळवू, भीक मागणार नाही. निकाल लागला की मात्र कुणी भांडत नाही. बापजाद्यांपासून एकही डोकं फुटलेलं नाही. म्हणून तर इथं कुस्ती आहे."

संपादकाच्या आठ पानांना पुरेल एवढं तो एका दमात बोलून गेला होता, पण मला त्याचा आनंद झाला नाही. आखाड्यात मी पुष्कळ हात वर केले. त्याखाली कधी कुणाचं पिण्याचं पाणी नव्हतं. सकाळच्या गाडीने परत जावं असं फार वाटलं. सदाशिवने तेवढ्यात माझ्या पायाला हळद लावायला सुरुवात केली, आणि ज्याने पाय धरला त्याच्या तावडीतून निघायचं कसं?

यात्रा

यात्रा म्हणावी तर माणसं होती आणि यात्रा नव्हती. पाळणे नाहीत, जिलबीची कढई नाही. एक बांगडीवाला आणि एक भेळवाला, दोघंही एकमेकांशीच गप्पा मारत होते. हलगी मात्र वाजत होती. वाजवणारा मधून मधून हात झटकून श्वास घ्यायचा.

मी आखाड्याची माती हातात घेऊन पाहिली. मळलेली माती मऊ, ओलसर लागते, तिला तेलाचा आणि ताकाचा वास येतो. ही कोरडी ठणठणीत होती. शेजारी देवळाचा म्हातारा गुरव, राणूबा, उभा होता.

"ताक न्हाई पाजलं मातीला यंदा," तो म्हणाला. "मानसाला न्हाई, मातीला कुठलं?"

मग बोरखडीच्या पाटलांनी गेल्या वर्षीच्या मानाची कळशी आणून देवापुढे पालथी घातली. राणूबाने दोन्ही गावांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मान देवाकडं आला. आता निकाल लागंस्तवर त्यो कुनाचा बी न्हाई."

कुस्तीला अवकाश होता, म्हणून मी बारव बघायला गेलो. खाली, अगदी तळाशी, परातीएवढं पाणी होतं. यात्रेच्या दिवशी निकालापर्यंत कुणी पाणी काढत नाही, त्यामुळे ते निवळलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. काही पायऱ्या उतरल्यावर एक बाई रिकामी कळशी घेऊन बसलेली दिसली. शिरपतची बायको हौसा. मला बघून पदर सावरून उठली.

"तुमीच व्हय पंच?"

"हो."

"वरीसभर पोरांना गाळ पाजलाय मी," ती म्हणाली. "कुनाचं पोट चालतंय, कुनाला वांत्या. बाकी काय सांगू? इमानानं बघा म्हंजी झालं."

पंचाने कुस्तीआधी असलं काही ऐकू नये. मी मान हलवली आणि पायऱ्या चढून आलो. वर बोरखडीच्या बायाही घागरी घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या कडेवरची पोरं काही वेगळी नव्हती.

शिरपत आणि भानुदास आखाड्यात आले, मातीला हात लावून पाया पडले, एकमेकांच्या अंगाला माती लावली. सलामी झाली. नंतर जे झालं त्याला मी कुस्ती म्हणेन, पण माझ्या आयुष्यात इतकी दमलेली कुस्ती मी पाहिली नव्हती. डाव दोघांना ठाऊक होते. शिरपत पटाला जायचा, भानुदासला ते आधीच कळायचं, पण पाय मागे घ्यायला उशीर व्हायचा. पाय हातात आला तरी शिरपतच्याने तो उचलवत नव्हता. मग दोघं मानेला मान लावून नुसते उभे राहायचे. कोण कुणाला ढकलतोय आणि कोण कुणाला धरून उभा आहे, हे मला पंच असून कळत नव्हतं. लोकही सुरुवातीला ओरडले, पुढे गप्प झाले. ओरडायलाही पोटात काही लागतं.

शेवटी भानुदासचा गुडघा टेकला. शिरपत त्याच्या पाठीवर आला, घिस्सा मारला, एकदा सुटला, पुन्हा मारला. भानुदास फिरला आणि त्याची पाठ मातीला लागली, दोन्ही खांदे, स्वच्छ. त्यात बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी हात वर केला.

माळेवाडीच्या बाजूने फेटे उडाले. बोरखडीच्या बाजूला एक बाई खाली बसली. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला, कारण निकाल चोख होता.

हौसा कळशी घेऊन आली. काठोकाठ नितळ पाणी होतं. एवढ्या माणसांतून ती एक थेंब न सांडता चालत आली. भानुदास रिवाजाप्रमाणे पाठ करून उकिडवा बसला होता. पाठीवर मातीचा थर. शिरपतने कळशीसाठी हात पुढे केले, आणि हौसाने ती दिली नाही.

"दे," शिरपत म्हणाला.

"न्हाई."

"आगं, दे म्हंतो न्हवं."

"मातीत वतायला?" तिचा आवाज चढला नाही, फाटला. "वरीसभरानं नितळ पानी हातात आलंय. कुनाच्या बी लेकराला पाजा. बोरखडीच्या पाजा. पन पाठीवर वतायला मी द्यायची न्हाई."

माळेवाडीचे पाटील पुढे आले. म्हणाले, "सुनबाई, एका कळशीपायी सगळ्या गावाचा मान घालवतीस काय? पाठ धुतल्याबिगर हार लागत न्हाई. पुढं वरीसभर पानी आपलंच हाय."

"जिकलो म्हनून झरा वाढनार हाय का, मामंजी?" हौसा म्हणाली. "हाय तेवढंच झिरपनार. आज आमी पितो, त्यानला गाळ."

पाटील शिरपतकडे वळले. रीतीप्रमाणे पाठ धुण्याचा हक्क एकट्या शिरपतचा, दुसऱ्या कुणी पाणी ओतलं तर ते धरत नाहीत. हौसाने तोवर कळशी त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली होती आणि ती बाजूला झाली होती. आता जे काय करायचं ते त्याने. शिरपतने कळशी उचलली. भानुदासने मान खाली घातली. मला वाटलं, ओतणार. शिरपत बसकण मारून भानुदासच्या शेजारी बसला. चार घोट प्यायला आणि कळशी भानुदासच्या तोंडाशी धरली.

"शिरप्या," पाटील म्हणाले.

"उद्या ह्याच्याच संगं ढिगावर बसायचं हाय मला, पाटील," तो म्हणाला. "त्यो अर्धा तांब्या मला ठेवतो."

आता गलका झाला. माळेवाडी म्हणे, खांदे लागले, पंचाने हात वर केला, आम्ही जिंकलो. बोरखडी म्हणे, पाठ कोरडी आहे. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "चीत झाली ते मी बघितलं, ते कुणी म्हटलं तरी बदलणार नाही. पण तुमच्याकडे हार कधी लागते, ते मला नाही, देवाच्या गुरवाला विचारा."

राणूबा काठी टेकत आखाड्यात उतरला. भानुदासच्या पाठीवरून त्याने बोट फिरवलं, बोट लोकांना दाखवलं.

"पाठीला पानी लागलं न्हाई," तो म्हणाला. "म्हंजी कुस्ती चालू हाय. निकाल न्हाई, तर मान देवाचा. देवाच्या पान्याला पहिलं-दुसरं नसतं. एक घागर हिकडची, एक तिकडची."

"कुठवर?" माळेवाडीच्या पाटलांनी विचारलं.

"पाऊस पडला की देवच धुईल त्याची पाठ. तवा माळेवाडी जिकली म्हना."

पाटील रागावून निघून गेले. माळेवाडीची आणखीही माणसं धुसफुसत होती, आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती. पण बारवेवर तोवर दोन्हीकडच्या बाया उतरल्या होत्या. खालून शिव्या ऐकू येत होत्या, घागरी आपटल्याचे आवाज येत होते, आणि एक घागर इकडे, एक तिकडे अशा वर येत होत्या. हौसा रांगेत पाचवी की सहावी उभी होती. मी जवळून गेलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी कामावरच्या माणसांना उतरवायला खडीच्या ढिगांपाशी थांबली. ड्रायव्हर विडी ओढायला गेला, म्हणून मीही लंगडत उतरलो. ढिगावर दोघं होते. भानुदास उघडा बसून मोठे दगड फोडत होता. पाठीवर कालची माती तशीच, तिच्यातून घामाच्या रेघा उतरलेल्या. शिरपत मधेच थांबायचा, मूठभर धूळ घ्यायचा आणि त्या रेघांवर थापायचा.

"हे रे काय?" मी विचारलं.

"घामानं धुतली गेली, तर आमचंच कोन तरी म्हनंल हार लागली," शिरपत म्हणाला. "उगा भांडान नगं."

मी भानुदासला विचारलं, "खाजतं का?"

"लई," तो म्हणाला. "रातभर पालथा झोपलो. बायकू पाठीला हात लावू देत न्हाई, आन् गाव बी लक्ष ठिवून हाय." हातोडा खाली ठेवून त्याने कपाळ पुसलं आणि वर, कोऱ्या आभाळाकडे बघितलं. "काय सांगू, मास्तर. हारायची एवढी घाई मला कंदी झाली न्हवती."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी गाडीत चढलो.

संपादकाचा लेख अजून झालेला नाही. तो रोज विचारतो, मी रोज गुडघे दाखवतो. परवा संध्याकाळी पुण्यावर थोडे ढग आले, तेव्हा मी जिना चढून गच्चीत गेलो. बायको खालून ओरडली की एवढ्यात कुठला पाऊस, ज्येष्ठ तरी लागू द्या. नगरच्या बाजूला आभाळ लख्ख होतं. अंधार पडेपर्यंत मी तिथं उभा होतो. मग खाली आलो आणि तिला म्हटलं, भानुदास अजून हरलेला नाही.